तिन्ही मांजरांची पानं

लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की पनवेलला घरात सासूबाई आहेत, त्यांना मोतीबिंदूमुळे फारसं दिसत नाही, आणि मुलाची पहिली बायको दीड-दोन वर्षांपूर्वी लांबलेल्या दुखण्यात गेली. मांजरांचं कोणी बोललं नव्हतं.

माझं वय त्या काळाच्या मानाने उलटून गेलेलं. वडील लहानपणीच गेलेले, मी पेणजवळच्या एका गावी मामाकडे वाढले. बिजवराला दिली म्हणून कोणी हळहळलं नाही. मलाही त्याचं काही वाटलं नाही, कारण मुलगा कचेरीत कारकून होता, निर्व्यसनी होता आणि बोलायला शांत होता. माझ्या यजमानांना मी ‘हे’ म्हणायचे, इथेही तसंच म्हणते. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. आमच्या आळीत वीज आलेली नव्हती आणि संध्याकाळ झाली की घर लवकर अंधारायचं.

पहिल्याच संध्याकाळी मी चुलीवरून भात उतरवला आणि मागे वळले, तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तिघं बसलेली. एक दांडगा पिवळा बोका, एका कानाचा तुकडा पडलेला. एक म्हातारी तीनरंगी मांजर, दात गेलेली. आणि एक करडी, तरणी, अंगाने बारीक, त्या दोघांपासून हातभर लांब. जेवणाची वेळ झालेली त्यांना कळत होती, पण तिघांपैकी एकाचंही तोंड माझ्याकडे नव्हतं. ती मागच्या दाराकडे बघत होती. मीही बघितलं. दारात कोणी नव्हतं.

“माई, ही मांजरं आपली का?” मी सासूबाईंना विचारलं.

“आपलीच. घाल काहीतरी त्यांना,” त्या माजघरातून म्हणाल्या.

मामाकडे कुत्रा होता. कुत्र्याला भाकरी टाकली की झालं. मी एका ताटलीत दूधभात कालवून खाली ठेवला. म्हातारीने तोंड घातलं तसा बोक्याने तिच्या नाकावर पंजा मारला. रक्ताचा थेंब भातात पडला. बोक्याने सगळी ताटली एकट्याने संपवली आणि चुलीमागे जाऊन ओकला. करडी जागची हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तीन ताटल्या मांडल्या. बोका तिन्ही फिरला. तिसऱ्या दिवशी मी हातात फुंकणी घेऊन मध्ये बसले, तर म्हातारी मला घाबरून विहिरीकडे पळाली. आणि करडीने कशालाही तोंड लावलं नाही. ती उठून माजघराला लागून असलेल्या बाजूच्या खोलीपाशी गेली आणि बंद दारासमोर बसून राहिली. त्या खोलीला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. पण ती कडी काढताना मी कोणाला पाहिलं नव्हतं, आणि नव्या सुनेने विचारावं असा तो विषय नाही हे मला सांगावं लागलं नाही.

माझ्या आधीच्या बाईविषयी या घरात पहिल्यांदा कोणी बोललं असेल तर ती मोरा बंदराहून मासळी घेऊन येणारी कोळीण. तिने मांदेलीचा वाटा माझ्या ताटात घातला आणि पाटीच्या कोपऱ्यातून पानात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

“ही डोकी मांजरांना. थोरल्या बाय न चुकता मागून घ्यायच्या. तुमाला नको हायत?”

“द्या,” मी म्हटलं. माई आत ऐकत होत्या.

आमच्या विहिरीला लागून एका बेने इस्रायली ज्यू कुटुंबाचं घर होतं. त्या घरच्या मावशी माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या. माझी मांजरांशी चाललेली ओढाताण त्या मधल्या दगडी गडग्यापलीकडून रोज बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“अशी नाही जेवायची ती,” त्या म्हणाल्या. “त्यांना शिस्त लावलेली आहे. आधी बोका. त्याला विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर द्यायचं, कणीचा भात जास्त आणि मासळी कमी. त्याचं पोट भरलं की तो आडवा होतो. मग मागचं दार लोटून घ्यायचं आणि म्हातारीला चुलीच्या उबेला, सगळं बोटांनी कुस्करून. तिला घाई करायची नाही.”

“आणि करडी?”

“तिचं शेवटी असायचं. तिचं वेगळं होतं.” मग विषय बदलल्यासारख्या म्हणाल्या, “पण या सगळ्याच्या आधी हाक. हाकेशिवाय ती पानावर बसत नाहीत.”

“कसली हाक?”

“माणसांना मारतात तशीच. पानं घेतली म्हणून.” आणि मावशींनी गडग्यावर हात टेकून ती मला करून दाखवली. “पानं घेतली... चला, पानं घेतलीऽ!” शेवटचा स्वर वर चढवून त्यांनी हळूच खाली सोडला.

कौलांवर काहीतरी खडखडलं. बोका छपरावरून उडी मारून खाली आला. म्हातारी लाकडांच्या ढिगामागून धडपडत निघाली. भर दुपारची वेळ, हातात काही नाही, आणि ती दोघं शेपट्या ताठ करून आमच्यासमोर येऊन उभी राहिली. मावशींनी पटकन तोंडावर हात ठेवला.

“मला नव्हतं वाटलं अजून...” एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

संध्याकाळी मी डोकी शिजवून कणीच्या भातात कालवली, मागच्या दारात उभी राहिले आणि तशी हाक मारली. माझा आवाज मूळचा घोगरा. पण चाल बरोबर बसली असावी. बोका दगडावर जाऊन बसला, म्हातारी चुलीशी. मी दोघांना वाढत होते तेवढ्यात माजघरातून माईंचा आवाज आला. एरवी त्या ओढून ओढून बोलायच्या. हा आवाज मोकळा होता.

“आले गं, आले. आज उशीर केलास.”

भिंतीला हात लावत त्या आल्या, पाटावर बसल्या आणि ताटासाठी हात पुढे केला. मी वाढलं. त्या पोटभर जेवल्या. मी त्यांच्यासमोर उभी होते आणि मला तोंडातून शब्द काढायची भीती वाटत होती. मी बोलले तर त्या जेवायच्या थांबतील असं वाटलं.

तेव्हापासून दोन्ही वेळा हाक, मग मांजरांचं खाणं, मग माईंचं पान, असा क्रम बसला. हे संध्याकाळी कचेरीतून यायचे तोवर हे सगळं उरकलेलं असे. एका शनिवारी मात्र ते लवकर आले. मी हाक मारली आणि पुढच्या दाराकडे कसलीशी चाहूल लागली म्हणून ओटीवर गेले. हे पायरीवर उभे होते. एक वहाण काढलेली, एक पायातच. तोंडावरचा रंग उतरला होता.

“हे कोणी शिकवलं तुला?”

“शेजारच्या मावशींनी. मांजरं नाहीतर...”

“परत मारू नकोस.”

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काढलेली वहाण पुन्हा पायात घातली आणि बंदराच्या दिशेने निघून गेले. दिवेलागणीला परतले तेव्हा घोट्यापर्यंत खाडीचा चिखल होता. त्यांनी विहिरीवर पाय धुतले आणि जेवायला बसले.

मी हाक बंद केली. बोका पुन्हा स्वयंपाकघरात घुसायला लागला. म्हातारी चुलीपाशी यायची, माझ्याकडे बघायची, मागच्या दाराकडे बघायची आणि न खाता जायची. पण खरी पंचाईत माईंची झाली. जेवायच्या वेळेला त्या पाटावर येऊन बसायच्या आणि ताट समोर असूनही थांबायच्या.

“काय हवंय, माई?”

“काही नाही.”

दोन घास खाऊन हात धुवायच्या. करडीचं तर आणखी वाईट. तिच्या पोटात पिल्लं होती. पोट सुटत चाललं होतं आणि वर बरगड्या मोजता याव्यात अशी दशा. अंगणातल्या पाली-उंदरांवर ती आजवर जगली असणार, पण आता तिच्याने धावणं होत नव्हतं. ती दिवसभर त्या बंद दाराशी पडून असायची.

मी मावशींना पुन्हा विचारलं. या वेळी त्यांनी सांगितलं.

शेवटच्या महिन्यांत यांच्या पहिल्या बायकोला उठवत नव्हतं. बाजूच्या खोलीत बाजेवर पडूनच ती हाक मारायची, आणि माई किंवा हे मांजरांना घालायचे. करडी तेव्हा एवढंसं पिल्लू होती. ती बाजेखालीच असायची. तिच्यासाठी तिथे एक बशी होती.

“तिला घास जात नव्हता,” मावशी म्हणाल्या. “पण ताट मागून घ्यायची. सगळं त्या पिल्लाला घालायची आणि माईंना सांगायची, मी जेवले. माईंना दिसत नव्हतं. मी एकदा खिडकीतून बघितलं, तर तिने मला बोटाने गप्प बसायला सांगितलं.”

“यांना माहीत होतं?”

“कोणाला ठाऊक. पण ती गेली त्या दिवशी त्याने बशीकडे बघितलं आणि दाराला कडी घातली. पिल्लू बाहेर राहिलं. तेव्हापासून त्या मांजरीने तुमच्या घरात शिजलेलं खाल्लेलं मी पाहिलं नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी माई पडल्या होत्या आणि हे कचेरीत होते. मी त्या दाराची कडी काढली. गंज धरल्यामुळे ती जोर लावल्यावर निघाली. आत खिडकी बंद होती. धुळीचा आणि जुन्या काढ्यांचा वास होता. सुंभाची बाज भिंतीला लावलेली, वर अंथरूण नव्हतं. बाजेच्या पायाशी एक चिनी मातीची बशी होती आणि तिच्यात मासळीचे काटे, वाळून पांढरे पडलेले. मी ती बशी विहिरीवर नेऊन राखेने घासली. तिच्यात भात आणि मांदेली घेऊन परत आले आणि बाजेकडे पाठ करून जमिनीवर बसले.

करडी माझ्या मागोमाग आत आली. नव्या जागेत मांजर हुंगत शिरतं, ही सरळ आली. बशीपुढे बसली. खाईना. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे, बाजेवर होती. मला कळलं ती कशासाठी थांबली आहे. मला मनाई होती. पण तिच्या पोटाकडे बघून मी अगदी हळू, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जमेल तेवढ्याच आवाजात म्हटलं, “पानं घेतली... चला, पानं घेतली.”

तिने बशीत तोंड घातलं. गुरगुरत, अधाशासारखं खाऊ लागली. अर्धी बशी संपल्यावर तिने मान वर केली, पुन्हा माझ्या मागे पाहिलं आणि ओळखीच्या माणसाकडे बघून मांजरं मिटतात तसे सावकाश डोळे मिटले. त्याच वेळी बाजेचं सुंभ करकरलं. इतक्या दिवसांनी दार उघडलं होतं, हवा लागली असेल, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. तेव्हा मात्र मी मागे वळून बघितलं नाही. बशी रिकामी होईपर्यंत तशीच बसून राहिले आणि खाली मान घालून बाहेर आले.

करडी बाहेर यायला तयार होईना, म्हणून दार हातभर उघडंच ठेवावं लागलं. संध्याकाळी हे आले आणि माजघरात पाय टाकताच त्यांना ते दिसलं.

“मी उघडलं,” मी म्हटलं. “ती काही खात नव्हती. पोटात पिल्लं आहेत तिच्या.”

त्यांनी दाराशी जाऊन आत बघितलं. मग विचारलं, “खाल्लं?”

“सगळं.”

“हाक मारलीस?”

“हळू.”

त्यांनी मान हलवली आणि कपडे बदलायला गेले. दुसऱ्या संध्याकाळी कचेरीतून आल्यावर स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, “त्या बशीत वाढून दे. मी नेतो.”

मग रोज तेच बशी नेऊ लागले. आत गेले की दार लोटून घ्यायचे. एकदा मी पाण्याचं भांडं द्यायला म्हणून दाराशी गेले आणि आतून त्यांचा आवाज ऐकला. हळू, समजूत घातल्यासारखा.

“एवढं तरी खा. दोन घास. माझ्यासाठी खा.”

मांजर जेवताना गुरगुरत असते, तिला कोणी आग्रह करत नाही. भांडं हातात घेऊन मी भिंतीला टेकले. माझ्या जागी दुसरी असती तर चिडली असती कदाचित. मला फक्त वाटलं की आत तिघं आहेत आणि मी बाहेर आहे. पाणी तसंच परत नेलं. दुसऱ्या दिवशी बशी वाढताना मी मांदेलीचा काटा न काटा वेचून काढला, आजाऱ्याला देताना काढतात तसा. मांजरीला त्याची काही गरज नसते. पण ती माझ्या हातची बशी होती, आणि ती कोणापुढे ठेवली जात होती याबद्दल माझ्या मनात संशय उरला नव्हता.

हाक पुन्हा सुरू झाली. कोणी कोणाला तसं सांगितलं नाही. माई पुन्हा “आले गं” म्हणायला लागल्या आणि जेवायला लागल्या. करडी त्या बाजेखालीच व्याली. चार पिल्लं झाली, त्यातली दोन जगली. पिल्लं मोठी झाल्यावर ती हळूहळू घरात इतरत्रही खाऊ लागली, आणि यांचं त्या खोलीत बशी घेऊन जाणं केव्हातरी बंद झालं. बोका एका पावसाळ्यात गेला तो आला नाही. म्हातारी चुलीच्या उबेला बसल्या जागी मेली. शेजारच्या मावशी घरच्या सगळ्यांबरोबर इस्रायलला गेल्या. जायच्या आधी भेटायला आल्या तेव्हा माझी संध्याकाळच्या हाकेची वेळ झाली होती. मी मागच्या दाराकडे निघाले, तर त्यांनी माझा हात धरला.

“मी गेल्यावर मार,” त्या म्हणाल्या.

माई त्यानंतर दोन वर्षांनी अंथरुणाला खिळल्या. तोपर्यंत त्यांची नजर पूर्ण गेली होती. एका दुपारी मी त्यांना भरवायला बसले.

“हाक मारलीस?” त्यांनी विचारलं.

“मारली.”

“आवाज बसलाय तुझा आज. सुंठ घे.” मग स्वतःच म्हणाल्या, “तिचा आवाज बारीक होता.”

माझा हात तिथेच थांबला. “माई, तुम्हाला ठाऊक होतं?”

“डोळे गेले माझे, कान नाही गेले. पहिल्या दिवशीच कळलं, ही ती नव्हे.”

“मग तुम्ही ‘आले गं’ का म्हणायचात?”

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

“तिचं ताट रिकामं यायचं,” त्या म्हणाल्या. “मी हात फिरवून बघायची. साफ असायचं. मी म्हणायची, पोर जेवतेय, म्हणजे बरी होणार. गेल्यावर अंगाला हात लावला तर नुसती हाडं.” त्यांनी माझं मनगट चाचपून धरलं. “हाक आली की वाटतं, ती पान घेऊन बसली असेल. या खेपेला मी समोर बसेन. घास तिच्याच तोंडात जातो का, ते बघेन.”

मी त्यांना पुढचा घास दिला. त्यांनी तो खाल्ला.

माई गेल्या त्याच आठवड्यात. दिवस उरकल्यावर मी मनाशी ठरवलं की आता ही हाक पुरे. ती ज्यांच्यासाठी होती ते माणूस राहिलं नाही. करडीची पिल्लं आता मोठी झाली होती, त्यांना मासळीचा वास पुरायचा. मी मुकाट्याने ताटल्या मांडल्या आणि ती आली, खाऊन गेली. करडी शेवटी आली, दाराकडे एकदा बघून तिनेही खाल्लं. घर इतकं शांत झालं की कणीच्या भातात फिरणाऱ्या जिभांचा आवाज माजघरापर्यंत यायचा.

तीन-चार दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी मी यांचं पान वाढलं आणि ते आलेच नाहीत. ओटीवर जाऊन बघितलं तर अंधारात बसले होते.

“पान वाढलंय,” मी म्हटलं.

“ऐकू नाही आलं,” ते म्हणाले.

मी समजले. परत स्वयंपाकघरात गेले. मांजरं केव्हाच खाऊन गेली होती, ताटल्या घासून पालथ्या घातल्या होत्या. मी मागचं दार उघडलं आणि रिकाम्या अंगणाकडे तोंड करून हाक मारली. मूळच्या चालीत, शेवटी स्वर चढवून.

हे आले, पाटावर बसले आणि चित्राहुती घालून जेवू लागले. कालवणाची वाटी अर्धी झाल्यावर त्यांनी ती जरा बाजूला सारली.

“आंबट कमी पडलंय,” ते म्हणाले. “नेहमी दोन आमसुलं जास्त घालतेस.”

मी कालवणात आमसुलं नेहमी तेवढीच घालत आले होते, दोन जास्त मी कधीच घातली नव्हती. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या स्वयंपाकाला कधी काही म्हटलं नव्हतं, चांगलं नाही की वाईट नाही. मी “बरं” म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून दोन आमसुलं वाढवली.